बाराशे मीटर : रेल्वेतल्या शौर्याचा हिशोब

सुरुवात फर्स्ट इयरच्या एका गणिताने करू. घाबरू नका, एकच आहे. एक एक्सप्रेस गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने येते आहे. लोको पायलटला पुढे रुळावर काहीतरी आडवं पडलेलं दिसलं आणि त्याने इमर्जन्सी ब्रेक लावला. गाडीचं ऋण त्वरण ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. गाडी थांबायला किती अंतर लागेल? ताशी १०० म्हणजे सेकंदाला साधारण २७.८ मीटर. गतीचं तिसरं समीकरण लावलं की उत्तर येतं ९६५ मीटर. त्यात माणसाने बघून हात हलवायला लागणारा एक-दीड सेकंद मिळवा. झाला की अख्खा एक किलोमीटर!

आता दुसरा प्रश्न, याला समीकरण नाही. रात्रीच्या वेळी हेडलाइटच्या उजेडात रुळावर पडलेला दगड किती लांबून दिसतो? सरळ मार्ग असेल, पाऊस आणि धुकं नसेल, तरी काही शे मीटर. वळण असेल तर त्याहून कमी.

या दोन उत्तरांमधल्या फरकात रेल्वेचं सगळं सुरक्षाशास्त्र बसलेलं आहे. एसटीचा ड्रायव्हर बघून थांबतो. रेल्वेचा चालक नुसतं बघून थांबूच शकत नाही, त्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं. रोज हे काम सिग्नल करतो. पण ज्या रात्री सिग्नलला काहीच कळलेलं नसतं, त्या रात्री ते माणसाला करावं लागतं. म्हणून रेल्वेतलं शौर्य जरा वेगळ्या जातीचं आहे. आगीत उडी मारून समोरच्याला बाहेर काढणारा शूर आपल्याला लगेच ओळखू येतो. रेल्वेतला शूर मात्र बऱ्याचदा अशा लोकांना वाचवतो, जे अजून दोन स्टेशनं मागे आहेत, बर्थवर घोरत पडलेले आहेत आणि ज्यांना सकाळीसुद्धा कळत नाही की आपण वाचलो. तो वाचवतो पुढच्या गाडीला.

रेल्वेच्या नियमावलीत यासाठी एक नियम आहे. तो कोरडा वाटेल, पण नीट वाचा. गाडी मध्येच अडकली, घसरली, किंवा शेजारच्या रुळावर अडथळा झाला, की गार्डने (२०२२ पासून त्याचं अधिकृत नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, आपण गार्डच म्हणू) लाल झेंडी किंवा रात्री लाल दिवा दाखवत गाडीपासून लांब निघायचं. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर रुळाला एक डेटोनेटर बांधायचा. तसंच पुढे जाऊन १२०० मीटरवर, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर, आणखी तीन बांधायचे. मग तिथून ४५ मीटरवर उभं राहून धोक्याचा इशारा दाखवत राहायचं. दुहेरी मार्गावर शेजारचा रूळ अडला असेल, तर तिकडच्या बाजूला असिस्टंट लोको पायलटने असंच पळायचं. डेटोनेटर म्हणजे छोटी चपटी डबी. दोन मऊ पट्ट्यांनी ती रुळावर घट्ट बसवतात. चाक वरून गेलं की मोठा बार होतो. रेल्वेतली माणसं याला सरळ ‘पटाखा’ म्हणतात. दिवा दिसला नाही तरी बार ऐकू येतो, आणि बार ऐकू आला की चालकाने काही विचार न करता गाडी थांबवायची.

या नियमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी शेवटी आहे. इंजिनाची शिट्टी वाजवून गार्डला परत बोलावलं, की त्याने परत येताना ६०० मीटरवरचा पटाखा उचलायचा, पण १२०० मीटरवरचे तीन तसेच ठेवायचे. म्हणजे तो परतत असताना मागून गाडी आलीच, तरी तिला इशारा मिळाला पाहिजे. ज्याने हा नियम लिहिला, त्याने ती काळोखातली परतीची वाट स्वतःच्या मनात एकदा तरी चालून पाहिली असणार.

आता यात शौर्य कुठे आलं? तर खडीवरून बाराशे मीटर पळून बघा. ग्राउंडवर बाराशे मीटर आपण सहा-सात मिनिटांत मारतो, तेही दम लागत लागत. रात्री, पावसात, मोकळ्या खडीवरून, हातात दिवा आणि डोक्यात नुकत्याच झालेल्या अपघाताचा धक्का घेऊन दहा मिनिटं सहज लागतील. दहा मिनिटांत ताशी १०० ची गाडी सोळा किलोमीटर पुढे येते. आणि मागे उलटलेल्या डब्यांतून माणसं हाका मारत असताना हा माणूस त्यांच्याकडे पाठ करून पळतोय, कारण तोच त्याचा नियम आहे! मला तर हे आगीत उडी मारण्याइतकंच कठीण वाटतं. जखमी माणूस डोळ्यांसमोर असतो, पुढची गाडी फक्त कल्पनेत असते.

आणि हे केलं नाही, किंवा करायला वेळच मिळाला नाही, तर काय होतं? २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटल्यामुळे गोल्डन टेंपल मेलचे डबे घसरले आणि शेजारच्या रुळावर आले. थोड्याच वेळात समोरून जम्मू तावी–सियालदह एक्सप्रेस आली आणि त्या डब्यांवर आदळली. दोनशेच्या वर माणसं गेली. तिथे नियम होता, पटाखे होते, माणसंही होती. नव्हती ती फक्त मिनिटं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण जळगाव जिल्ह्यातलं. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनच्या अलीकडे पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली. कोणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली आणि घाबरलेले प्रवासी उतरले ते थेट शेजारच्या रुळावर. त्याच रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. तिच्या चालकाने ब्रेक लावले, पण तिथे वळण आहे. डझनभर माणसं चिरडली गेली. आपलं पहिलं गणित पुन्हा आठवा. त्या चालकाने तिसरं समीकरण कुठून मोडायचं? दिवाळीच्या सुट्टीत आपण निम्मं हॉस्टेल एकाच गाडीने घरी जातो, म्हणून सांगून ठेवतो. गाडी मध्येच थांबली तर उतरू नका. उतरावंच लागलं तर दुसरा रूळ ज्या बाजूला नाही, त्या बाजूने उतरा.

आता भोपाळ. इथे जरा थांबू.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. केमिकलवाल्यांना सांगायला नको, हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. आणि शहरात जमिनीलगत काय असतं? झोपड्या, फुटपाथ आणि स्टेशनचा फलाट. भोपाळ स्टेशन कारखान्यापासून जवळच. त्या रात्री ड्यूटीवर होते डेप्युटी स्टेशन सुपरिंटेंडेंट गुलाम दस्तगीर. मध्यरात्रीनंतर ते ऑफिसातून फलाटावर आले तर डोळ्यांची आग व्हायला लागली, घसा आवळला. स्टेशन सुपरिंटेंडेंट हरीश धुर्वे यांचा त्याच रात्री या वायूने मृत्यू झाला. नेमकं काय झालंय, कुठला वायू, किती वेळ चालणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि फलाटाला मुंबईकडे जाणारी एक्सप्रेस उभी होती, खच्चून भरलेली. तिची सुटायची वेळ अजून झालेली नव्हती.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. प्रवासी गाडी उशिरा सुटली तर आपण शिव्या देतो, पण वेळेच्या आधी सुटणं हा रेल्वेच्या दृष्टीने खरा गुन्हा. तिकीट हातात घेऊन माणूस धावत यावा आणि गाडी निघून गेलेली असावी, असं होता कामा नये. शिवाय स्टेशन मास्तर स्वतःच्या मनाने काहीच करत नाही. पुढच्या स्टेशनला विचारायचं, कंट्रोलला विचारायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. वर्षानुवर्षं याच शिस्तीत मुरलेल्या माणसाने त्या रात्री ठरवलं की गाडी आत्ता सोडायची. जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांनी ती वेळेच्या वीसेक मिनिटं आधी सोडायला लावली. गाडी वायूतून बाहेर पडली.

पण ती एक गाडी झाली. दस्तगीर यांचं खरं मोठं काम मला त्यानंतरचं वाटतं. भोपाळच्या उत्तरेला विदिशा आणि दक्षिणेला इटारसी. दोन्हीकडून रात्रभर गाड्या भोपाळच्या दिशेने येत असतात. त्यांनी शेजारच्या स्टेशनांना निरोप पाठवले की भोपाळकडे गाड्या सोडू नका. प्रत्येक गाडीत शेकडो माणसं, बहुतेक झोपलेली, खिडक्या अर्धवट उघड्या. ती माणसं भोपाळला उतरलीच नाहीत आणि बहुतेकांना त्याचं कारण दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं असेल. मग त्यांनी मदतीसाठी, डॉक्टरांसाठी निरोप पाठवले आणि फलाटावर तडफडणाऱ्या लोकांमध्ये ते थांबून राहिले. त्यांचं स्वतःचं कुटुंब त्याच शहरात, त्याच हवेत होतं. तरी ते स्टेशन सोडून गेले नाहीत. पुढे अनेक वर्षं त्यांना त्या वायूचा त्रास झाला. २००३ मध्ये ते गेले. त्या रात्री ड्यूटीवर प्राण सोडलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक भोपाळ स्टेशनवर आहे. २०२३ मध्ये आलेली ‘द रेल्वे मेन’ ही मालिका याच रात्रीवर बेतलेली, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉमन रूममध्ये पाहिली असेल. मालिकेत बराच मसाला आहे, असणारच. पण खरी घटना मालिकेपेक्षा साधी आहे आणि मला ती साधीच जास्त भारी वाटते. एक माणूस, एक टेलिफोन आणि ‘गाडी सोडू नका’ हे एवढंच वाक्य.

अशीच एक गोष्ट कॅनडातली, त्याच्याही सदुसष्ट वर्षं आधीची. ६ डिसेंबर १९१७ ला हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर झाली. त्यातलं ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज स्फोटकांनी भरलेलं होतं. ते पेटलं आणि किनाऱ्याकडे सरकायला लागलं. बंदराशेजारच्या रेल्वे यार्डात व्हिन्स कोलमन नावाचा डिस्पॅचर होता. जहाजात काय आहे हे कळल्यावर तो बाहेर पडला होता. पण सेंट जॉनहून रात्रभर प्रवास करून येणारी पॅसेंजर गाडी आता यायच्या बेतात आहे, हे त्याला आठवलं आणि तो परत टेलिग्राफच्या टेबलावर जाऊन बसला. जहाज पेटलंय, स्फोट होणार, गाड्या थांबवा, एवढा मजकूर त्याने मोर्समध्ये पाठवला. काही मिनिटांत स्फोट झाला. जवळपास दोन हजार माणसं मेली, कोलमनही गेला. ती गाडी त्याच्या तारेमुळेच थांबली की ती आधीच लेट होती, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. असू दे. त्याच्या तारेने मार्गावरच्या स्टेशनांना बातमी पोचली आणि बाहेरून मदत लवकर निघाली, हे तर खरंच. आणि परत फिरताना त्याच्याकडे इतिहासकारांचे निष्कर्ष नव्हते, फक्त टाइमटेबल होतं.

मुंबईचं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतलं. २६ नोव्हेंबर २००८, रात्री दहाच्या सुमाराला सीएसटी (२०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस). लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये दोन अतिरेक्यांचा गोळीबार सुरू झाला. लोकलच्या बाजूला उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे ड्यूटीवर होते. आधी त्यांना स्फोट झाल्यासारखं वाटलं, त्यांनी माइकवरून पोलिसांना बोलावलं. मग बंदुका घेतलेली माणसं दिसली. तेव्हापासून ते माइकवरून लोकांना सांगत राहिले की इकडे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं. अतिरेक्यांनी त्यांच्या कक्षाच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या. त्या रात्री त्या स्टेशनवर ५८ जणांचा जीव गेला. लोकलमधून उतरून त्याच दिशेने चालत येणारी गर्दी वळली नसती, तर हा आकडा किती झाला असता कोण जाणे. इथेही ‘पुढची गाडी’च आहे बघा. मला वाटतं, लोकांनी ऐकलं याचं एक कारण असं की आवाज रोजचा होता. ‘फलाट क्रमांक अमुकवर येणारी लोकल’ सांगणारा तोच आवाज. घाबरलेला माणूस नव्या आवाजावर विश्वास ठेवायला वेळ घेतो.

आता थोडं मेकॅनिकल. इंग्लंडमध्ये ९ फेब्रुवारी १९५७ ला बक्स्टनहून निघालेल्या मालगाडीच्या इंजिनात स्टीम ब्रेकचा पाइप चढावरच सांध्यात तुटला. केबिन उकळत्या वाफेने भरली आणि ब्रेक गेला. पुढे १ : ५८ चा उतार. चालक जॉन ॲक्सन याने फायरमनला उडी मारायला सांगितलं आणि जमतील तेवढ्या वॅगनचे हँडब्रेक दाबायला सांगितलं. फायरमनने धावत धावत काही दाबले, पण गाडीने वेग पकडला होता. ॲक्सनलाही उडी मारता आली असती. तो वाफेने भाजत इंजिनाला धरून राहिला. खाली चॅपल-एन-ल-फ्रिथ स्टेशनात पुढे चाललेल्या मालगाडीवर इंजिन आदळलं. ॲक्सन गेला, त्या दुसऱ्या गाडीचा गार्डही गेला. स्टेशनात उभ्या असलेल्या पॅसेंजर गाडीतून मात्र कर्मचाऱ्यांनी लोकांना आधीच उतरवलं होतं. ॲक्सनला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला आणि पुढच्या वर्षी बीबीसीने त्याच्यावर गाण्यांतून रचलेला एक कार्यक्रम केला.

आता डिझाइन बघा. स्टीम ब्रेकला लागण्यासाठी वाफेचा दाब लागतो. पाइप फुटला की दाब गेला, म्हणजे ब्रेकच गेला. वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये आणलेल्या ऑटोमॅटिक एअर ब्रेकमध्ये हे उलटं आहे. आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपमध्ये साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो आणि तो दाब ब्रेक सोडून ठेवतो. पाइप फुटला, डबा सुटला, कोणी साखळी ओढली, की दाब उतरतो आणि ब्रेक लागतो. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे. यालाच आपण परीक्षेत ‘फेल-सेफ’ लिहून दोन मार्क मिळवतो. ॲक्सनच्या मालगाडीच्या वॅगनना सलग ब्रेक नव्हता, म्हणून तिथे यंत्राच्या जागी एका माणसाला उभं राहावं लागलं. माझं स्पष्ट मत असं की जिथे जिथे कर्मचाऱ्याला असं शूर व्हावं लागतं, तिथे त्याच्या आधी कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर काहीतरी अर्धवट सोडलेलं असतं. याने ॲक्सन लहान होत नाही. पण नुसता पुतळा उभारून इंजिनिअरची सुटकाही होत नाही.

आपल्या बोर घाटात आणि थळ घाटात १ : ३७ चा चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ती गाडी ढकलतात एवढंच आपल्याला माहीत असतं. उतरताना जागोजाग गाडी थांबवून ब्रेकची खात्री करतात आणि सुटलेली गाडी अडवायला चढावर जाणारे कॅच सायडिंग ठेवलेत, हे खिडकीतून धबधबे बघताना आपल्या लक्षात येत नाही. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीतल्या दगडांवर गाडी आदळून पन्नासच्या आसपास माणसं गेली, पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. आता पावसाळ्यात तिथे गाड्या कमी वेगाने धावतात आणि वेळापत्रकच वेगळं असतं. (कमी वेग म्हणजे काय, ते पहिल्या गणितात वेग ७५ घालून बघा. अंतर जवळपास निम्मं होतं.) डोंगरावर जाळ्या आल्या. तरी रात्री दिवा, शिट्टी आणि पटाखे घेऊन चालणारा पेट्रोलमन अजून आहेच.

वांगणीच्या मयूर शेळके यांचं नाव न घेता हा लेख पुरा होणार नाही. १७ एप्रिल २०२१ ला एका अंध आईचा हात धरून चाललेलं मूल फलाटावरून रुळावर पडलं. समोरून उद्यान एक्सप्रेस. शेळके रुळातून त्याच्या दिशेने धावले, त्याला वर ढकललं आणि स्वतः वर चढले, गाडी येण्याच्या एक-दोन सेकंद आधी. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. बक्षिसाच्या ५० हजारांतले अर्धे त्यांनी त्या मुलासाठी देऊ केले, हेही सगळ्यांना माहीत आहे. कमी लोक विचारतात तो प्रश्न वेगळा आहे. ते तिथे त्या क्षणी कसे होते? शेळके पॉइंट्समन, आपल्या जुन्या मराठीत सांधेवाला. न थांबता जाणाऱ्या गाडीला हिरवी झेंडी दाखवायची आणि गाडी पुढून जाताना काही लोंबकळतंय का, ॲक्सल तापलाय का, हे बघायचं, हा त्याच्या रोजच्या ड्यूटीचा भाग. म्हणजे तो माणूस तिथे उभा होता तोच मुळी गाडीकडे नीट बघण्यासाठी.

शेळके यांच्या धावण्याला सीसीटीव्ही होता. गँगमन, कीमन म्हणजे चावीवाला, पेट्रोलमन यांना तो नसतो. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. त्यात आधीच्या चार-पाच वर्षांत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी ड्यूटीवर मेल्याची नोंद आहे. अपघातात मेलेल्या प्रवाशांची बातमी होते, या सोळाशेंची कधी झाली? यातल्या प्रत्येकाने काही मर्दुमकी गाजवली असं नाही. कोणी रूळ ठोकत होता, कोणी खडी सरकवत होता आणि दुसऱ्या रुळावरच्या गाडीच्या आवाजात या रुळावरची गाडी ऐकू आली नाही.

त्याचंही गणित करू. ताशी ११० म्हणजे सेकंदाला ३०.६ मीटर. वळणावर गाडी ५०० मीटरवर दिसली, तर चावीवाल्याच्या हातात सोळा सेकंद. त्यात हातोडा आणि पाना उचलायचा, सैल केलेली चावी परत ठोकायची (कारण ती तशीच सोडली तर धोका गाडीला), आणि बाजूला व्हायचं. पुलावर असेल तर बाजू म्हणजे नुसती एक छोटीशी जाळी. गाडी येतेय हे रेडिओवरून आधी कळवणारं ‘रक्षक’ नावाचं उपकरण काही मार्गांवर आलं आहे. पण डोंगर कापून काढलेल्या खोल मार्गात, बोगद्यात, वळणाआड रेडिओचा सिग्नल कसा पोचवायचा, बॅटरी पावसाळ्यात टिकवायची कशी आणि हे सगळं एका माणसाच्या कमरेला अडकेल इतक्या वजनात कसं बसवायचं? ईएनटीसी आणि मेकॅनिकलची फायनल इयरची मुलं दरवर्षी जुलैत प्रोजेक्टचा विषय शोधत लायब्ररीत फिरत असतात. विषय हा घ्या. बाराशे मीटर पळायला लागू नये असा.